कंदील कोणासाठी? : हॅलोविनच्या उगमाचा शोध

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. पहाटे आमच्या सोसायटीत नेहमीप्रमाणे अभ्यंगस्नानं झाली, दाराशी कारिटं फुटली, आणि त्याच संध्याकाळी क्लबहाउसमध्ये मुलांची हॅलोविन पार्टी होती. सूचनाफलकावर दोन कागद शेजारीशेजारी लावलेले. एकावर 'दिवाळी पहाट'ची वेळ, दुसऱ्यावर टोकदार टोपीतली चेटकीण. व्हॉट्सॲपवर जुंपायची ती जुंपलीच. ऐन दिवाळीत ही परकी भुतं कशाला, असा एक पक्ष. पोरांची हौस आहे, होऊ द्या, असा दुसरा. आणि अशा प्रत्येक वादात असतो तो तिसरा, माहिती पुरवणारा पक्ष. त्यानं एक लांबलचक संदेश पुढे ढकलला. त्याचा गोषवारा असा : हॅलोविन हा दोन हजार वर्षांपूर्वीचा केल्ट लोकांचा नववर्षाचा सण. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे घरी परतत. त्यांना चकवण्यासाठी लोक मुखवटे घालत. पुढे ख्रिस्ती धर्मानं हा सण गिळला आणि त्यावर संतांच्या नावाची पाटी लावली.

मी तो संदेश दोनदा वाचला. 'मेलेल्यांचे आत्मे घरी परतत' या वाक्याशी अडलो, आणि त्याला कारण अगदी घरगुती होतं. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा मोठा भाऊ गेला. शेवटचं दर्शन नाही, खांदा देणं नाही. तिसऱ्या दिवशी अस्थींचा लहानसा कलश हातात आला, तेवढंच. मेलेल्या माणसाचं जिवंतांनी नेमकं काय करायचं असतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागलेला आहे. त्यामुळे मुखवट्यांपेक्षा मला त्या परत येणाऱ्यांत रस होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचा पुरावा काय, हे पाहायला मी बसलो, आणि निघालं ते बरंच वेगळं.

पहिल्यांदा त्या केल्टिक सणाबद्दल. त्याचं नाव 'साविन'. रोमन लिपीतल्या अक्षरांवरून आपल्याकडे काहीजण 'सामहेन' लिहितात, पण आयरिश भाषेत त्या अक्षरांचा उच्चार साविनच्या जवळ जातो. सण होता, यात शंका नाही. जुन्या आयरिश कथांमध्ये वर्षाचे चार मोठे दिवस येतात, त्यांत १ नोव्हेंबरचा साविन हा एक. गुरं डोंगरावरच्या चराईवरून खाली आणायची, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत तेवढी मारायची, राजांनी सभा भरवायच्या, मेजवान्या झोडायच्या. कथांमध्ये या रात्री टेकड्यांची दारं उघडतात आणि आतले अमानुष लोक बाहेर येतात.

यातली एक कथा मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. नेरा नावाचा एक वीर साविनच्या रात्री पैजेवर बाहेर पडतो. आदल्या दिवशी फाशी दिलेल्या माणसाच्या पायात त्याला वेलीची गाठ बांधून यायची असते. गाठ बसते, आणि प्रेत बोलू लागतं. मरताना मला तहान लागली होती, म्हणतं, मला पाणी पाज. नेरा त्याला पाठीवर घेऊन घरोघर हिंडतो. पहिल्या घराभोवती आगीचं कडं, दुसऱ्याभोवती पाण्याचं. तिसऱ्या घरात रात्रीचं सांडपाणी तसंच ठेवलेलं असतं, तिथं मात्र शिरकाव होतो. प्रेत पाणी पितं आणि शेवटची चूळ घरातल्यांच्या अंगावर टाकतं. ते सगळे मरतात. पाठीवर बोलणारं प्रेत म्हटल्यावर आपल्याला विक्रम आणि वेताळ आठवणारच. दोन्ही कथांचा एकमेकींशी संबंध जोडायचा मोह मी आवरला. तुम्हीही आवरावा.

पण या कथेत काय नाही, हे अधिक महत्त्वाचं. कोणाचाही बाप, आजी किंवा भाऊ घरी येत नाही. कोणी त्यांच्यासाठी पान वाढून ठेवत नाही. साविनच्या जुन्या कथांत धोका आहे, जादू आहे, युद्धं आहेत, पितर नाहीत. शिवाय या कथा ज्यांनी लिहून ठेवल्या ते ख्रिस्ती मठांतले भिक्षू होते, आणि त्याआधी आयर्लंड कित्येक शतकं ख्रिस्ती झालेलं होतं. फ्रान्समध्ये कोलिन्यी इथं १८९७ साली केल्टिक भाषेतल्या एका पंचांगाचे काशाचे तुकडे सापडले. त्यात 'सामोनिओस' नावाचा महिना आहे. त्याचा साविनशी सांधा जुळवण्याचे प्रयत्न झाले, परंतु तो महिना वर्षात नेमका कुठे बसतो यावरच पंडितांत एकमत नाही.

मग नववर्ष आणि मृतांचा सण हे आलं कुठून? उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडतं. जॉन ऱ्हिस या वेल्श अभ्यासकानं १८८६ सालच्या व्याख्यानांत साविन हे केल्टिक नववर्ष असावं, असा तर्क मांडला. पाठोपाठ 'द गोल्डन बाव'च्या जेम्स फ्रेझरनं त्याला मृतांचा सण ठरवलं. फ्रेझरचा तर्क उलट दिशेचा होता : चर्चनं नोव्हेंबरच्या आरंभी मृतांचा दिवस ठेवला, त्याअर्थी तिथं आधी काहीतरी असलंच पाहिजे. ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी ब्रिटनच्या सणवारांवरच्या १९९६ सालच्या ग्रंथात हे सगळं शांतपणे उलगडून दाखवलं. पण तोवर तो तर्क शंभर वर्षं पुस्तकांतून फिरून 'सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट' झाला होता, आणि आमच्या सोसायटीच्या समूहापर्यंत यायला निघाला होता.

आता चर्चची बाजू. ही कागदोपत्री आहे, म्हणून थोडक्यात आटोपते. सर्व संतांचा एकत्र सण मुळात १ नोव्हेंबरला नव्हता. रोममधलं पॅन्थिऑन हे देवळ सातव्या शतकाच्या आरंभी, १३ मे रोजी, मेरी आणि हुतात्म्यांच्या नावे चर्च म्हणून अर्पण झालं, आणि त्या तारखेशी हा उत्सव बांधला गेला. १ नोव्हेंबर ही तारीख इसवी सन ८०० च्या सुमारास इंग्लंड-जर्मनीच्या बाजूला दिसू लागते, आणि ८३५ मध्ये फ्रँकांच्या साम्राज्यात ती अधिकृत होते. गंमत अशी, की त्याच काळातल्या आयर्लंडमध्ये सर्व संतांचा सण २० एप्रिलला असल्याची नोंद आहे. साविन गिळण्यासाठी तारीख निवडली असती, तर साविनच्या मायदेशात ती सर्वांत आधी दिसायला हवी होती.

संतांच्या या सणाच्या आदल्या संध्याकाळीला इंग्रजीत 'ऑल हॅलोज ईव्हन' म्हणत. हॅलो म्हणजे संत, ईव्हन म्हणजे संध्याकाळ. स्कॉटलंडच्या बोलीत ते आखडून हॅलोविन झालं. नावात भूत नाही, केल्ट नाही.

आत्मे आले ते पुढच्या पायरीला. बर्गंडीतल्या क्लूनी मठाचे अधिपती ओदिलो यांनी सहस्रकाच्या उंबरठ्यावर, आपल्या मठांच्या परिवारापुरतं ठरवलं, की संतांच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांसाठी प्रार्थना करायची. संतांना कोणाच्या मदतीची गरज नसते, ते पोचलेले. नरकात गेलेल्यांना मदत करून उपयोग नाही. पण या दोहोंच्या मध्ये असलेली तुमची-आमची माणसं? ना फार पापी, ना फार पुण्यवान. त्यांच्यासाठी 'परगेटरी' म्हणजे शुद्धिस्थान ही कल्पना बाराव्या-तेराव्या शतकांत पक्की झाली. झाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकारानं १९८१ साली या कल्पनेच्या जन्मावर एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. तिथं आत्मा आगीत शुद्ध होतो, आणि जिवंतांनी केलेल्या प्रार्थनेनं, दानानं, मिस्सेनं त्याची मुदत कमी होते. श्राद्ध-तर्पणाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मेलेला जिवंतांवर अवलंबून असतो. त्याला काही पोचवता येतं. आणि न पोचवणं ही कुचराई असते.

या श्रद्धेतून मध्ययुगीन इंग्लंडात जो हॅलोविन उभा राहिला, तो माझ्या मते या सणाचा खरा पाया आहे. संतांच्या सणाच्या रात्री गावोगावच्या चर्चमधून घंटा वाजत, पार उजाडेपर्यंत. शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना धीर यावा म्हणून. घंटा ओढणाऱ्यांना गाव खायला-प्यायला घाली आणि त्या खर्चाच्या नोंदी चर्चच्या हिशेबवह्यांत आहेत. गोरगरीब दारोदार जात आणि 'आत्म्यांसाठी' भाकरी मागत. मिळालेल्या प्रत्येक लहान गोड भाकरीमागे घरच्या मृतांसाठी एक प्रार्थना म्हणायची, असा तो व्यवहार. शेक्सपिअरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'त या सणाच्या दिवशी केविलवाण्या सुरात मागणाऱ्या भिकाऱ्याची उपमा येते, म्हणजे त्याच्या प्रेक्षकांना ते दृश्य परिचयाचं होतं. अमेरिकेतल्या पोरांच्या दारोदार हिंडण्याचा एक पूर्वज हा.

मग ही सगळी घडी मोडली, आणि योगायोग असा की ती मोडण्याची सुरुवातही ३१ ऑक्टोबरलाच झाली. १५१७ साली याच दिवशी मार्टिन ल्यूथरनं आपली ९५ विधानं माइन्झच्या आर्चबिशपकडे पाठवली. ती त्यानं विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चच्या दारावर ठोकली का, याबद्दल वाद आहे, तारखेबद्दल नाही. ते चर्च सर्व संतांच्या नावाचं होतं. दुसऱ्या दिवशी, संतांच्या सणाला, तिथं संतांच्या अवशेषांचा प्रचंड संग्रह दर्शनाला मांडला जाई आणि तो पाहणाऱ्याला शिक्षेत सूट मिळे. पैसे भरून मृत नातेवाइकांची शुद्धिस्थानातून सुटका करून देणारी पापविमोचनपत्रं विकली जात होती, आणि ल्यूथरचा मूळ आक्षेप त्या विक्रीवर होता. मेलेल्यांच्या नावानं चाललेला बाजार बंद करायला निघालेली चळवळ काही वर्षांतच इथवर आली, की शुद्धिस्थान मुळी नाहीच.

इंग्लंडात याचे परिणाम थेट घराघरांत पोचले. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४६ मध्ये, आर्चबिशप क्रॅन्मरनं त्या रात्रीच्या घंटा बंद करण्याचा हुकूम तयार केला, पण ऐनवेळी राजानं माघार घेतली. पुढच्या वर्षी हेन्री वारला, आणि त्याच्या मुलाच्या राजवटीत मृतांसाठी मिस्सा म्हणणाऱ्या दानसंस्थाच खालसा झाल्या. मेरी राणीच्या पाच वर्षांत घंटा पुन्हा वाजल्या. एलिझाबेथच्या राज्यात पुन्हा बंदी. नुसत्या हुकमानं ते थांबलं नाही. घंटा वाजवल्याबद्दल माणसांवर खटले झाले. मला या माणसांचं फार वाटतं. काल-परवापर्यंत आईसाठी दोरी ओढणं हे कर्तव्य होतं, आज तो गुन्हा. आई मात्र तीच, जिथं होती तिथंच.

या संदर्भात 'हॅम्लेट' पुन्हा वाचून पाहावं. आपल्याकडे आगरकरांच्या 'विकारविलसिता'पासून त्याची ओळख आहे. बापाचं भूत येतं आणि सांगतं, की पापं जळून जाईपर्यंत मी आगीत कोंडलेला आहे. म्हणजे ते शुद्धिस्थानातून येतं, आणि येतं अशा देशाच्या रंगभूमीवर, जिथं शुद्धिस्थान कायद्यानं रद्द होऊन चाळीसएक वर्षं झाली होती. स्टीफन ग्रीनब्लाट या अमेरिकी समीक्षकानं २००१ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. बापाला पोचवण्याचा मार्ग बंद झालेल्या मुलाचं ते नाटक आहे, या अंगानं ते पाहिलं की त्यातला सूड मागे सरतो.

उत्तर इंग्लंडात, लँकशरमध्ये, जुन्या पंथाची काही घरं टिकून राहिली. तिथली एक चाल एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी नोंदवून ठेवली आहे. हॅलोविनच्या रात्री घरची माणसं जवळच्या टेकाडावर जात. एकजण लांब काट्याच्या टोकाला पेटता पेंढा धरून उभा राही. बाकीचे त्याच्याभोवती गुडघे टेकत आणि आपापल्या मृतांसाठी प्रार्थना करत, ज्वाळा विझेपर्यंत. घंटा नाही, पाद्री नाही, फक्त पेंढा. हे वाचताना मी उठून कपाटातला 'धर्मसिंधु' काढला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या या ग्रंथात दिवाळीच्या कृत्यांमध्ये 'उल्कादान' आहे. महालयात आलेले पितर परत निघतात, त्यांना वाट दिसावी म्हणून संध्याकाळी हातात पेटती चूड धरायची. आपण आकाशकंदील लावतो तेव्हा यातलं काही मनात नसतं. लँकशर आणि पंढरपूर यांचा परस्परांशी काही संबंध नाही, तो मी लावतही नाही. ऋतू तोच, अंधार तोच, माणसं गेलेली. एवढं साम्य पुरेसं आहे.

कॅथलिक राहिलेल्या आयर्लंडमध्ये घंटांवर वरवंटा फिरला तरी घरातला विधी शाबूत राहिला. केव्हिन डॅनहर यांच्या आयरिश वर्षाच्या सणवारांवरील पुस्तकात तो सविस्तर आहे. मृतांच्या रात्री झोपण्यापूर्वी चूल झाडून निखारे नीट ठेवायचे, दाराला कडी घालायची नाही, टेबलावर पाणी ठेवायचं, आणि चुलीपाशी घरच्या मृतांसाठी बसायला जागा करायची. ही रात्र आणि ३१ ऑक्टोबरची दंग्याची रात्र यांत एका दिवसाचं अंतर. पहिल्या रात्री तरुण पोरं पेंढ्याचे मुखवटे चढवून गाव डोक्यावर घेत, सलगम कोरून त्यात मेणबत्तीचं टोक ठेवत. असा एक सलगमाचा चेहरा कॅसलबारच्या संग्रहालयात आहे. दात विचकलेला, डोळे खोल गेलेले, आजच्या गुटगुटीत भोपळ्यापेक्षा कितीतरी अधिक भयाण. स्कॉटलंड प्रॉटेस्टंट झालं, तिथं पितर गेले आणि भविष्य पाहण्याचे खेळ उरले. रॉबर्ट बर्न्सची १७८६ साली छापलेली 'हॅलोविन' ही दीर्घ कविता अशाच खेळांनी भरली आहे. डोळे मिटून बागेतल्या कोबीवर्गातल्या भाजीचं रोप उपटायचं; ते सरळ की वाकडं, त्यावरून भावी नवरा कसा ते ठरायचं.

१८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या वर माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. मुखवटे, कंदील, दंगा त्यांच्याबरोबर अमेरिकेला पोचला. स्कॉटिश वसाहतवाले तो आधीच घेऊन गेले होते. सलगमापेक्षा तिथला लाल भोपळा कोरायला सोपा. मात्र अमेरिकी मुलं भोपळ्याचे चेहरे हॅलोविनशी जोड लागण्याआधीपासूनच कोरत होती. मृतांसाठीचं पाणी आणि चुलीजवळची जागा समुद्र ओलांडून गेली असेलही, पण टिकली नाही. ती ठेवायला मृतांचं गाव जवळ लागतं. ज्यांची थडगी हजारो मैल मागे राहिली, त्यांच्या मुलांनी दंगा तेवढा उचलला.

आणि तो दंगा साधा नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत अमेरिकी शहरांत ही रात्र म्हणजे फाटकं उखडणं, खिडक्या फोडणं, रस्त्यावरचे दिवे निकामी करणं. पोरांना आवरायला गावकऱ्यांनी मिरवणुका काढल्या, मेजवान्या दिल्या, आणि शेवटी लाच दिली. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' ही घोषणा १९२७ सालच्या कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या एका बातमीत आढळते. महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं. ते १९४७ च्या उन्हाळ्यात उठलं, आणि त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत ही चाल देशभर झाली. म्हणजे व्हॉट्सॲपवरचा तो दोन हजार वर्षांचा पुरातन विधी, ज्या स्वरूपात तो आमच्या क्लबहाउसमध्ये साजरा झाला, त्या स्वरूपात आमच्या सोसायटीतल्या कित्येक आजोबांच्या वयाचा आहे.

अमेरिकेतली भीतीही पुढे बदलली. सत्तरच्या दशकापासून पालकांना धास्ती : अनोळखी माणूस खाऊत विष घालेल, सफरचंदात ब्लेड खुपसेल. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञानं १९५८ पासूनची वृत्तपत्रं चाळली. हॅलोविनच्या खाऊतून अनोळखी माणसानं मूल मारल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना मिळालं नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक मुलगा विषारी गोळीनं मेला, पण ती गोळी विम्याच्या पैशांसाठी त्याच्या बापानंच दिली होती. मेलेल्यांची भीती संपलेल्या समाजाला शेजाऱ्याची भीती वाटू लागली, असं म्हणण्याचा मोह होतो. पण ते फार सोपं होईल.

जिथं कॅथलिक धर्म राहिला, तिथं हा सण वेगळ्या वाटेनं गेला. सर्वांत गाजलेलं उदाहरण मेक्सिकोचं. १ नोव्हेंबरला मेलेल्या लेकरांची, २ ला मोठ्यांची पाळी. घरात वेदी मांडतात. तीवर फोटो, मिठाची वाटी, पाणी, साखरेच्या कवट्या, गोड पाव, आणि त्या माणसाला आवडायचं ते. तंबाखू ओढणारा असेल तर सिगारेटदेखील. आपल्या आजोबांच्या पानावर भजी आवर्जून पडतात, तसंच. तिथंही 'ही सगळी ॲझ्टेक परंपरा' अशी एक राष्ट्रीय समजूत आहे. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनली ब्रँडेस यांनी ती तपासली, तेव्हा पाव, मिठाया आणि मृतांना नैवेद्य या चाली स्पेनच्या मुलखांतही त्याच दिवशी दिसल्या. फ्रेझरची आठवण व्हावी अशी ही जागा. मजा म्हणजे, २०१५ च्या 'स्पेक्टर' या बाँडपटासाठी मेक्सिको सिटीतल्या मृतांच्या दिवसाची एक भव्य मिरवणूक कल्पनेतून रचली गेली. अशी मिरवणूक तिथं नव्हती. पर्यटकांना ती हवी झाली, आणि २०१६ पासून ती खरोखर निघू लागली.

वेदीपासून उंबऱ्यापर्यंत मेक्सिकोत फुलांची वाट करतात. वास आणि रंग यांच्या मागावर मृत घरी येतात म्हणून. ते फूल म्हणजे झेंडू. आपला दसऱ्याचा, तोरणाचा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. युरोपीय जहाजांतून तो इकडे आला. लाल भोपळाही अमेरिकेचाच. परकी भुतं नकोत म्हणणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या दारावर त्या दिवशी झेंडूचं जाडजूड तोरण होतं. मी काही बोललो नाही.

पोलंडमध्ये १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दफनभूमी काचेच्या दिव्यांनी इतक्या उजळतात, की वर आकाशाला लाली चढते. तिथला जुना लोकविधी 'झ्याडी', पितरांना बोलावून जेवू घालण्याचा. आदाम मित्सक्येविच या महाकवीनं त्यावर त्याच नावाचं नाट्यकाव्य लिहिलं. त्यात पुढे झारच्या जुलमाविरुद्धचा आक्रोश मिसळला. जानेवारी १९६८ मध्ये वॉर्सातल्या राष्ट्रीय रंगभूमीवरचा त्याचा प्रयोग कम्युनिस्ट सरकारनं बंद पाडला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि त्या वर्षीच्या मार्चमधलं आंदोलन पेटलं. पितरांना बोलावणाऱ्या नाटकावरून सरकार हादरल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

बाकीचे देश धावत्या नजरेनं. सिसिलीत मुलांना खेळणी आणि मिठाई सांताक्लॉज आणत नाही, घरातले मेलेले आजी-आजोबा आणतात. फ्रान्समध्ये थडग्यांवर शेवंतीची कुंडी ठेवतात, म्हणून जेवायला बोलावलेल्या घरी शेवंती नेऊ नये; आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी रेटलेला अमेरिकी हॅलोविन तिथं थोडाच काळ फुलला. पोर्तुगालमध्ये १ नोव्हेंबरच्या सकाळी मुलं 'देवासाठी पाव' मागत दारोदार जातात. १७५५ साली याच सकाळी, चर्च माणसांनी भरलेली असताना, लिस्बनचा भूकंप झाला. फिलिपिन्समध्ये कुटुंबंच्या कुटुंबं अन्न आणि पत्ते घेऊन दफनभूमीत रात्र काढतात. जपानमध्ये पितरांसाठी उन्हाळ्यातला ओबोन वेगळा आहे, त्यामुळे हॅलोविन म्हणजे निव्वळ वेषांतर. टोकियोतल्या शिबुयाची गर्दी इतकी वाढली, की २०२३ मध्ये तिथल्या महापौरांनी लोकांना येऊ नका म्हणून सांगितलं. त्याआधीच्या वर्षी, २९ ऑक्टोबरला, सोलमध्ये इटेवॉनच्या अरुंद बोळात हॅलोविनला जमलेल्या गर्दीत १५९ जण चेंगरून गेले. बहुतेक विशी-तिशीतले.

वसई मात्र धावत्या नजरेनं सांगता येणार नाही. तिथले कॅथलिक साडेचारशे वर्षांहून अधिक काळ ओदिलोची तारीख पाळतात, आणि मृतांशी बोलतात ते आपल्याच मराठीच्या बोलींत. बँकेतला माझा जुना सहकारी तिथला. २०२१ साली त्याचा फोन आला. "दोन तारखेला ये," म्हणाला, "आमच्याकडे मेलेल्यांना एकटं ठेवत नाहीत." त्या वर्षी २ नोव्हेंबरला धनत्रयोदशी होती.

मी दुपारी पोचलो. चर्चच्या मागची दफनभूमी, नारळ, विहीर. बायका थडगी धुऊन पुसत होत्या, पोरं पाण्याच्या बादल्या आणत होती. झेंडू आणि शेवंतीच्या पाकळ्यांचे क्रूस घातलेले. ऊन कलल्यावर मेणबत्त्या लागल्या. फादर ओळीओळीनं तीर्थ शिंपडत गेले. माणसं मोठ्यानं रडत नव्हती. शेजारच्या थडग्यावरच्यांची विचारपूस करत होती, कोणाच्या मुलाचं लग्न ठरलं वगैरे. मित्राच्या आईच्या थडग्याशी आम्ही उभे राहिलो. त्यानं खिशातून दोन मेणबत्त्या काढल्या, एक लावली आणि दुसरी माझ्यापुढे धरली.

"ही दादाची."

"तो इथं नाहीये रे."

"आई बघेल," तो म्हणाला. "तिला सवय आहे. आमच्याकडे कोण ना कोण पाहुणा असायचाच."

मी ती लावली. वाऱ्यानं दोनदा विझली, तिसऱ्यांदा त्यानं नारळाची करवंटी आडोशाला ठेवली.

घरी यायला रात्रीचे नऊ वाजले. यमदीपदानाची वेळ केव्हाच टळली होती. त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नव्हती, फराळ नातेवाइकांकडून आलेला, बंद डब्यांत तसाच. वहिनीनं दार उघडलं. उंबऱ्याबाहेर कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून तेवत होता. तेल संपत आलं होतं. "तू येईपर्यंत घालत बसले," ती म्हणाली, आणि आत जाऊन बुधली घेऊन आली.